सुपा: रद्दबातल, पाहा जोयडा

सॉफ्टवेअरच्या बांधणीतला प्रत्येक मोठा निर्णय कारणांसकट एका छोट्या फायलीत लिहून ठेवतात. तिला एडीआर म्हणतात. मायकेल नायगार्ड यांनी २०११ साली ही पद्धत मांडतानाच नंबराचा नियम घालून दिला: नंबर ओळीने चढत जाईल आणि एकदा दिलेला पुन्हा दिला जाणार नाही. निर्णय फिरला तरी जुनी फाईल पुसायची नाही, तिच्यावर ‘रद्दबातल, पाहा अमुक’ असा शेरा मारायचा.

तलाठ्याला यात नवल वाटले नसते. फेरफाराच्या नोंदींना ओळीने नंबर असतात आणि सातबाऱ्यावर आजोबांच्या नावाला कंस करून पुढे वारस लिहितात. आजोबा जातात, कंस राहतो. उत्तर कन्नडमधला जोयडा तालुका १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. आता तिथे उतारा कन्नडमध्ये निघतो. सर्व्हे नंबर मात्र भाषांतर मागत नाही. वाटणी झाली की ४५ चे ४५/१, ४५/२, मग ४५/२अ होते. भावकीचे भांडण जितके जुने, तितके नंबराचे शेपूट लांब. एडीआरला अशी शेपटे लावू नयेत.

नंबर बहुधा चार आकडी असतो, ०००१ असा. नाहीतर संगणक यादीत २ च्या आधी १० बसवतो. शून्यांची ही उधळण पाहून टीम हजारो निर्णय घेणार असे वाटते. प्रत्यक्षात उत्साह बऱ्याचदा विशीतच ओसरतो. ०००१ मध्ये सहसा ‘निर्णय लिहून ठेवावेत’ हाच निर्णय असतो. ग्रामपंचायतीच्या सभेतही पहिला ठराव मागील इतिवृत्त कायम करण्याचाच.

खरी अडचण एकाच नंबरावर दोघांनी हात ठेवला की येते. गावी राहून काम करणारा जोयड्याचा मुलगा ००१२ लिहितो आणि रेंजसाठी टेकडी चढतो. तोवर पुण्यातल्याने आपले ००१२ चढवलेले असते. ज्याची फाईल आधी पोचली त्याचा नंबर. दुसऱ्याने ००१३ घ्यावा आणि टेकडी उतरावी. काही जण नंबराऐवजी तारीख घालतात. मग एकाच दिवशीच्या दोन निर्णयांत थोरला कोण, हा वाद उरतो.

रद्दबातल नोंद जपण्याचा नमुना तालुक्यातच आहे. तालुक्याचे ठिकाण पूर्वी सुपा होते. काळी नदीवर गणेशगुडीजवळ धरण झाले, सुपा पाण्याखाली गेले, कचेरी जोयड्याला आली आणि तालुक्याचे नावही बदलले. सुप्याला बुडवणाऱ्या धरणाचे नाव मात्र सुपाच आहे.