शुद्ध विजेचे काका

काका गाणं ऐकत नाहीत, लाइट ऐकतात.

पुण्यातल्या बहुतेक मोठ्या सोसायट्यांत असा एक गृहस्थ असतोच. बँकेतून व्हीआरएस घेतलेला, आलेल्या पैशातला घसघशीत वाटा अॅम्प्लिफायर आणि स्पीकरांत घातलेला, आणि ते सगळं मनासारखं जुळून आल्यावर भिंतीतल्या सॉकेटकडे संशयाने पाहू लागलेला. पाहुणा आला की काका त्याला सोफ्यावर नेमक्या जागी बसवतात, मालकंस लावतात आणि आलाप जेमतेम सुरू होतो तोच थांबवून विचारतात, "जाणवलं का?" पाहुणा बिचारा कोमल गंधाराचं कौतुक करायला जातो. "छे हो, गंधार काय कुठेही मिळतो! मागची शांतता बघा. काळीभोर झालीय."

शांतता काळी होण्याचं कारण टीपॉयखाली बसलेलं असतं. बुटांच्या खोक्याएवढी, पाच किलोची पेटी. तिला काका 'फिल्टर' म्हणतात आणि काकू 'तो दगड'. त्याआधी एक स्पाइक गार्ड, त्याच्याआधी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, आणि या साऱ्यांना जोडणारी मनगटाएवढी जाड केबल. सबस्टेशनपासून सोसायटीपर्यंत वीज मैलोगणती साध्या तारांतून येते, तिला शेवटच्या दीड मीटरमध्ये संस्कार लावायचे असतात.

काका पूर्ण चुकतात असं मात्र नाही, आणि तिथेच पंचाईत आहे. सॉकेटमध्ये २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची गुळगुळीत लाट यावी अशी अपेक्षा. प्रत्यक्षात तिच्यावर बरंच काही चिकटून येतं. फिरवायच्या बटणाचा डिमर दर लाटेचा एक तुकडा छाटतो. स्वस्त एलईडी बल्ब आणि मोबाइलचे चार्जर आपली किरकिर मागे वायरिंगमध्ये सोडतात. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू-बंद होताना स्पीकरमधून 'टक्' येतं, ते काकांच्या मनातलं नसतं. असल्या वरच्या पट्टीतल्या खरखरीवर बरा फिल्टर काम करतो. जूनच्या पहिल्या गडगडाटात विजेचा झटका आला तर आतला व्हॅरिस्टर तो स्वतःवर घेतो. फक्त असे झटके खाऊन खाऊन तो निकामी होतो, हे पेटी विकणारा सांगत नाही.

पण चांगल्या अॅम्प्लिफायरच्या पोटातही हीच यंत्रणा असते. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, रेक्टिफायर ते एका दिशेला वळवतो आणि मोठाले कपॅसिटर सेकंदाला शंभर वेळा भरले जातात. ही भरती लाटेच्या माथ्यावर, क्षणभरातच होते. तेवढ्यात भरपूर करंट ओढला जातो. तिथे हलक्या दर्जाचा फिल्टर आडवा आला की करंटच कोंडतो. मग बायाँची घुमक दबते आणि काका म्हणतात, "किती संयत वाजतोय आता!"

काकांचे काही सिद्धान्त मात्र ऐकतच राहावेत असे. मोठ्या रकमेचा एक फ्यूज त्यांनी मागवला, त्यावर दिशादर्शक बाण होता. घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते. बाणाने नेमकं काय करावं, हे भाच्याने विचारलं तेव्हा त्याला चहाला पिटाळण्यात आलं. रात्री दोननंतर लाइट स्वच्छ होते, हा दुसरा सिद्धान्त. तेव्हा रस्त्यावरची रिक्षा, वरच्या मजल्यावरचा मिक्सर आणि काकू हे तिन्ही शांत असतात, याला त्यांच्या लेखी महत्त्व नाही. जपानमध्ये काही शौकिनांनी घराबाहेर स्वतःचा खांब आणि स्वतःचा ट्रान्सफॉर्मर बसवून घेतला आहे, हे वाचल्यापासून काकांचा डोळा पार्किंगमधल्या व्हिजिटरच्या जागेवर आहे. विषय वार्षिक सभेत येणार म्हणतात.

या सगळ्या थाटात परवा त्यांनी गौहर जानची १९०२ सालची रेकॉर्ड ऐकवली. ते ध्वनिमुद्रण कर्ण्यासमोर गाऊन झालं होतं. विजेवर चालणारा मायक्रोफोन स्टुडिओत यायला अजून वीसेक वर्षं होती. सेक्रेटरींनी तसं बोलून दाखवलं. काका म्हणाले, "म्हणून तर इतकं शुद्ध!"

आता गुरगुरीविषयी. फिल्टरांची एवढी फौज असूनही स्पीकरमधून बारीक 'हूंऽऽ' येत होतं. कानाला जाणवायचा तो ५० हर्ट्झ आणि त्याची दुप्पट. म्हणजे साधारण पांढरी पाच, किंचित चढी. गायकाचा षड्ज पांढरी एक असला की ही गुरगुर त्याचा पंचम होऊन तंबोऱ्याशी संगनमत करायची, त्यामुळे बरेच दिवस खपून गेलं. काळी चारच्या गायिकेने मात्र भांडं फोडलं.

काकांनी उपाय शोधला तो भयंकर. अर्थिंगवर त्यांची श्रद्धा मोठी. मे महिन्यात, टँकरच्या दिवसांतही, मीठ-कोळसा घातलेल्या खड्ड्यात ते बादलीभर पाणी ओततात, आणि ते योग्यच आहे. पण याच मनुष्याने अॅम्प्लिफायरच्या थ्री-पिनमधली अर्थची वायर कापून टाकली. गुरगुर गेली. काकांनी पेढे वाटले. पुढे तिन्ही फिल्टरांची थोडी थोडी गळती साठून, करंट गळताच वीज तोडणारी आरसीसीबी वारंवार पडू लागली, तेव्हा तीही काढून टाकायचं ठरलं आणि वायरमनला बोलावणं गेलं.

वायरमनने आधी टेस्टर अॅम्प्लिफायरच्या स्क्रूला लावला. टेस्टर पेटला.

"काका, डब्याला करंट आहे."

"तो गळतीचा. फिल्टरच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून अर्थकडे छोटे कपॅसिटर असतात. अर्थ नसला की डब्यावर निम्मं व्होल्टेज दिसतं. नुसत्या मुंग्या येतात." काकांना सगळं माहीत होतं!

"आज मुंग्या. उद्या आत फेजची वायर सुटून बॉडीला चिकटली की पूर्ण २३०. अर्थ नाही, म्हणजे एमसीबी पडणार नाही. आणि तीस मिलीअँपिअरची आरसीसीबी तर तुम्ही मला काढायला सांगताय. मग अर्थ कोण होणार? काकू, फडकं मारताना."

काकूंनी फडकं खाली ठेवलं.

अर्थची वायर पुन्हा जोडली गेली आणि 'हूंऽऽ' परत आलं. वायरमनने एकेक वायर काढत काढत टीव्हीमागची डिशची केबल उपसली, तशी गुरगुर चट्कन थांबली. गच्चीवरची डिश तिकडच्या लोखंडाला अर्थ झालेली, अॅम्प्लिफायर इकडच्या सॉकेटला, आणि दोघांमधून फिरणारा करंट टीव्हीच्या ऑडिओ वायरीतून गात होता. पाच किलोच्या पेटीला त्याचा पत्ता असणंच शक्य नव्हतं. टीव्हीपासून डॅकपर्यंत, म्हणजे डिजिटल आवाज अॅम्प्लिफायरला समजेल असा करणाऱ्या डबीपर्यंत, ऑप्टिकल केबल टाका, असं सांगून त्याने तीन फिल्टरांपैकी दोन काढून कोपऱ्यात ठेवले. आरसीसीबी मुकाट जागेवर राहिली.

केबल किरकोळ पैशांत तपकीर गल्लीत मिळाली. तिच्यातून वीज जातच नाही, नुसता प्रकाश. काका आता दुकानदाराला रोज फोन करतात: आतला तंतू प्लॅस्टिकचा आहे की काचेचा, आणि काचेचा असल्यास बाण कुठल्या बाजूला?