पैसे द्या, नाहीतर पाळत सोसा

हे फुकट आहे आणि कायम फुकटच राहील, असं फेसबुकच्या पहिल्या पानावर वर्षानुवर्षं लिहिलेलं असायचं. ऑगस्ट २०१९मध्ये ती ओळ गुपचूप निघाली.

चार वर्षांनी दरपत्रक आलं.

नोव्हेंबर २०२३मध्ये मेटाने, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीने, युरोपात दोन दारं उघडली. महिन्याला ९.९९ युरो भरा आणि फेसबुक-इन्स्टाग्राम जाहिरातींविना वापरा. मोबाइलवरून घेतलंत तर १२.९९. नाहीतर तुमचा माग काढून जाहिराती दाखवायला होकार द्या. तिसरं दार नव्हतं.

खासगीपणा हा हक्क असेल, तर त्याचं मासिक भाडं कसं काय?

युरोपीय आयोगानेही कान धरला: माहितीची जुळवाजुळव कमी करणारी, पण तोडीस तोड सेवा का देत नाही? मग नोव्हेंबर २०२४मध्ये दर ५.९९वर आला, आणि ‘कमी वैयक्तिक’ जाहिरातींचा पर्यायही निघाला. एप्रिल २०२५मध्ये आधीच्या कारभाराबद्दल २० कोटी युरोंचा दंड बसला.

म्हणजे तिसरं दार काढता येत होतं. दंड डोक्यावर येईपर्यंत काढलं नाही, इतकंच.

फुकट हवं तर जाहिराती बघा, यात बिघडलं काय? काहीच नाही. हे वर्तमानपत्रही जाहिरातींवरच चालतं. पण सराफाची जाहिरात इथे सगळ्यांना सारखीच दिसते. काल तुम्ही कोणत्या आजाराची माहिती शोधलीत, हे ती विचारत नाही.

भांडण जाहिरातीशी नाही, पाळतीशी आहे.

बरं, पैसे भरले की सुटका तरी होते का? ॲमेझॉन प्राइमची वर्गणी भरणाऱ्या भारतीयांना जून २०२५पासून व्हिडिओंमध्ये जाहिराती दिसू लागल्या. त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ रुपये. एक्सवर प्रीमियम घेतलं तर जाहिराती निम्म्या होतात. निम्म्याच.

आता घरातली गोष्ट. व्हॉट्सॲप.

सोसायटीचं पाणी, शाळेची सूचना, मुलीच्या लग्नाची पत्रिका, दुकानदाराची उधारी, सगळं त्यावर. एके काळी त्याची वर्गणी होती: पहिलं वर्ष फुकट, पुढे वर्षाला ९९ सेंट. त्याच्या संस्थापकांना जाहिरातींचा तिटकारा होता आणि ते तो उघड बोलून दाखवत. २०१४मध्ये फेसबुकने कंपनी घेतली. जानेवारी २०१६मध्ये वर्गणी रद्द झाली; तिसऱ्या कुणाच्या जाहिराती आणणार नाही, असं तेव्हाही सांगितलं गेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वापरकर्त्यांची माहिती फेसबुकला द्यायचं ठरलं. दोन्ही संस्थापक पुढे बाहेर पडले. २०२१मध्ये नवं धोरण आलं: मान्य करा, नाहीतर ॲप सोडा. जून २०२५मध्ये स्टेटसमध्ये जाहिराती येणार, हेही जाहीर झालं.

वर्षाचा एक डॉलर माफ करून आपल्याला किती महागात पाडलं, बघा.

आणि ‘ॲप सोडा’ कुणाला सांगता? अख्खं गाव जिथे बोलतं, तिथून एकटा माणूस उठून जाईल कुठे?

२०२१च्या त्या धोरणासाठी भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. त्या वर्षीची मेटाची कमाई १६४ अब्ज डॉलर, त्यातली जवळपास सगळी जाहिरातींची. हिशेब करा. हा दंड कंपनीच्या दीड तासाच्या कमाईएवढाही नाही.

अशा दंडाने कोण सुधारतं?

ज्यांना वर्गणी परवडत नाही, त्यांच्या वाट्याला काय येतं, तेही ऐका. २०२४च्या कमाईतला सुमारे दहा टक्के वाटा फसव्या योजना आणि बंदी असलेल्या मालाच्या जाहिरातींचा असेल, असा मेटाचाच अंतर्गत अंदाज होता. रॉयटर्सने तो नोव्हेंबर २०२५मध्ये उघड केला. मेटाने हा आकडा ढोबळ आणि फुगलेला असल्याचं म्हटलं. पण शेअर बाजारात महिन्यात दुप्पट पैसे करून देणारी जाहिरात पाहून आयुष्याची पुंजी घालवलेला एखादा निवृत्त माणूस तुमच्याही ओळखीत असेल.

पैसेवाल्याला शांतता आणि गरिबाला ठग, ही वाटणी आपण मान्य करायची?

आपल्याकडे २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि मुख्य तरतुदींसाठी कंपन्यांना अठरा महिन्यांची मुदत मिळाली. संमती मुक्त आणि विनाअट हवी, असं हा कायदा सांगतो. मग ‘पैसे द्या, नाहीतर माग काढू’ ही अट नाही तर काय आहे?

युरोपातलं दरपत्रक इथे येण्याची वाट कशाला बघायची? केंद्र सरकारने आत्ताच नियमात लिहावं: जाहिराती खुशाल दाखवा, माग काढायचा असेल तर वेगळी परवानगी मागा, आणि नाही म्हणणाऱ्याकडून त्याबद्दल एक रुपयाही घेऊ नका.