खुळ्यांची रांग

भिवंडीतल्या कामतघरला कौतुकाच्या गोष्टी म्हणून वऱ्हाळादेवी दाखवतात, तिचा तलाव दाखवतात. इथल्या खुळेपणाचे कौतुक मात्र कोणी जाहीरपणे केलेले नाही. ते मला करायचे आहे. खुळेपणा म्हणजे दर निवडणुकीला घराबाहेर पडून मत देऊन येण्याची सवय.

शहाण्या माणसाचे गणित बिनचूक आहे, ते मी आधीच मान्य करतो. २०२४ मध्ये भिवंडी लोकसभेचा निकाल ६६,१२१ मतांनी लागला. एका मताने त्यात काय फरक पडला असता? काहीच नाही. तेवढ्यासाठी २० मेच्या उन्हात शाळेच्या आवारात ताटकळायचे, बाटलीतले पाणी संपवायचे, यादीत नाव सापडले नाही की दुसऱ्या केंद्रावर धावायचे. पावरलूमवर मीटरच्या हिशोबाने मजुरी घेणाऱ्याने तर तेवढ्या वेळाचे कापड सोडून द्यायचे. शहाणा हे करत नाही. २००९ मध्ये या मतदारसंघात शहाण्यांचेच बहुमत होते. शंभरातले चाळीससुद्धा मतदानाला गेले नव्हते. २०२४ मध्ये खुळे साठाच्या जवळ पोचले. पंधरा वर्षांतली याहून मोठी प्रगती मला तरी भिवंडीत दिसलेली नाही.

खुळ्यांचा इतिहासही जुना आहे. १९६२ साली भिवंडी लोकसभेतून निवडून आले ते काँग्रेसचे यशवंतराव मुकणे, जव्हार संस्थानचे अखेरचे राजे. चौदा-पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत ज्यांना राज्य करायला कोणाला विचारावे लागत नव्हते, त्यांना आता मत मागावे लागले. हे घडले कशामुळे? कागदावर शिक्का मारला म्हणजे आपण राजाच्या बरोबरीचे झालो, अशी अडाण्यांनीही समजूत करून घेतल्यामुळे. ती समजूत खरी ठरली. पुढे १९६७ ला सोनूभाऊ बसवंत आले, १९७१ ला भाऊसाहेब धामणकर. मग १९७७ च्या निवडणुकीपासून मतदारसंघच नकाशावरून गेला. तो परत आला २००९ ला. मधली बत्तीस वर्षे इथल्या माणसांनी दुसऱ्या गावाच्या नावाने असलेल्या जागेसाठी मते दिली आणि तरीही देत राहिली.

२००९ ला काँग्रेसचे सुरेश टावरे १,८२,७८९ मतांवर खासदार झाले. २०२४ ला अपक्ष नीलेश सांबरे यांना दोन लाख एकतीस हजारांहून जास्त मते पडली आणि ते तिसरे आले. म्हणजे जेवढ्या मतांवर एकदा दिल्ली गाठता आली, त्याहून कितीतरी जास्त मते वाया गेली, असे शहाणा म्हणेल. त्याच शहाण्याने २०१४ चा निकाल काढून पाहावा. सुरेश म्हात्रे, ज्यांना सगळे बाळ्यामामा म्हणतात, तेव्हा मनसेच्या तिकिटावर उभे होते. त्र्याण्णव हजारांवर मते आणि तिसरा क्रमांक. तीही मते वायाच. दहा वर्षांनी तेच बाळ्यामामा शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून उभे राहिले आणि त्यांनी कपिल पाटलांना पाडले. २०१४ ला राष्ट्रवादी सोडून भाजपमध्ये गेलेले आणि दोनदा निवडून येऊन केंद्रात राज्यमंत्री झालेले, ते हे कपिल पाटील. झेंडे इतके फिरतात की शहाण्याला घरी बसायला कारण शोधावे लागत नाही. पण झेंडा कोणताही असो, पाच वर्षांनी ज्याच्यापुढे हात जोडावे लागतात तो मतदार जागचा हललेला नाही. मंत्रिपद असलेल्या माणसालाही त्याने घरी पाठवले. ही ताकद शहाण्यांच्या गणितातून आली नव्हती.

महापालिकेची गोष्ट अधिक दुखरी आहे. २०१७ ला नव्वदपैकी ४७ जागा देऊन लोकांनी काँग्रेसला स्वच्छ बहुमत दिले. डिसेंबर २०१९ ला महापौर निवडून आल्या त्या चार नगरसेवकांच्या कोणार्क विकास आघाडीच्या. ४९ विरुद्ध ४१. काँग्रेसच्या अठरा नगरसेवकांनी तिकडे मत दिले होते. पंज्यावर बटण दाबणाऱ्याला कोणी विचारलेही नाही. ही फसवणूक होती. तिला दुसरा शब्द वापरायची माझी तयारी नाही. त्यानंतर जून २०२२ मध्ये मुदत संपली आणि साडेतीन वर्षे प्रशासकाची गेली. गटार तुंबले की जाब विचारायला प्रभागात हक्काचा माणूसच नव्हता.

निवडणुकीत खुळी माणसेच नसतील तर काय होते, हे पाहायला इंग्लंडमधल्या ओल्ड सेरमकडे बघावे. सॅलिसबरीजवळची ही ओसाड टेकडी. तिथे वस्ती उरली नव्हती, तरी १८३२ पर्यंत ती दोन खासदार पाठवत होती. शेवटी मतदार अकराच्या आसपास, मतदान शेतातल्या झाडाखाली. जागा पिट घराण्याने विकत घेतलेली आणि थोरले विल्यम पिट तिथूनच पार्लमेंटात गेले. रांग नाही, ऊन नाही, मते वाया जाणे नाही. सगळे कसे शहाणपणाचे. अशा जागा बंद करायला कायदा करावा लागला. तोही मताचा हक्क नसलेल्या लाखो माणसांनी आरडाओरड केली तेव्हा.

कामतघरमध्ये वस्ती आहे, दाट आहे. मूळचे आगरी आहेत, पलीकडे पद्मानगरचे तेलुगू विणकर आहेत. उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार आहेत, ज्यांतल्या अनेकांची नावे अजून गावाकडच्या यादीत आहेत. त्यांना इथे खुळे होण्याचीही सोय नाही, याचे मला फार वाईट वाटते. ज्यांची नावे आहेत, त्यांच्या २०१९ आणि २०२४ अशा दोन लोकसभा मेट्रोची वाट पाहण्यात गेल्या. पायाभरणी डिसेंबर २०१८ ची. दोन्ही वेळा ते मत देऊन आले.

१५ जानेवारी २०२६ ला महापालिकेसाठी ते पुन्हा गेले. ४७ जागांचे काय झाले ते ठाऊक असलेली माणसे, आणि एकेकाने तीन-चार बटणे दाबायची. लोकसभा-विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी कायद्याने भरपगारी सुट्टी आहे, रोजंदारीवाल्यालाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १३५ ब तसे सांगते आणि ते १९९६ पासून लागू आहे. पण मीटरवर मजुरी घेणाऱ्याला त्या दिवसाचा मीटर कोण मोजून देणार? पुढच्या मतदानाआधी कारखानदारांच्या संघटनांनी याचे उत्तर लेखी द्यावे आणि कामगार आयुक्तांनी ते कारखान्याच्या दारावर लावून घ्यावे.