‘एकच प्याला’ अर्थात तळीराम परत आला

सगळ्यात आधी लेखक नीट मेला आहे ना, ते पाहून घ्या. नुसता मेलेला चालत नाही. भारतीय कायद्याप्रमाणे तो जाऊन साठ वर्षं उलटलेली असावी लागतात आणि ती मोजायची मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले. तेव्हा ‘नटसम्राट’मध्ये झॉम्बी सोडायची ज्यांना घाई झाली आहे, त्यांनी १ जानेवारी २०६० पर्यंत कळ काढावी. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून ‘श्यामची आई’ कायद्यानं मोकळी आहे. पण तिला हात लावलात तर वकिलाच्या आधी वाचक दारात येतील.

ही माहितीपुस्तिका चंद्रपूर-गडचिरोलीतल्या त्या होतकरूंसाठी आहे, ज्यांच्याकडे एक बरा कॅमेरा, एक मेहुणा (गाडी त्याची) आणि अभिजात साहित्यात भूत घालून सिनेमा काढायची ऊर्मी आहे. पूर्वानुभवाची गरज नाही. मूळ पुस्तक वाचलेलं असावं, ही एकच अट. पुढं जाऊन बहुतेक जण तीच मोडतात.

धंद्याची रीत समजून घ्या. २००९ मध्ये सेथ ग्रॅहम-स्मिथ या अमेरिकन लेखकानं जेन ऑस्टिनची १८१३ ची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ घेतली, तिचा बहुतांश मजकूर जागच्या जागी ठेवला आणि मधूनमधून झॉम्बी पेरले. कल्पना त्याच्या संपादकाची. त्यानं कागदावर एका बाजूला जुन्या पुस्तकांची नावं लिहिली, दुसऱ्या बाजूला झॉम्बी, निन्जा, समुद्री चाचे वगैरे मंडळी, आणि मध्ये रेघा ओढून पाहिल्या. पुस्तक धडाक्यात खपलं. २०१६ मध्ये त्यावर सिनेमा आला आणि तो आपटला. नवशिक्यानं इथं थांबून विचार करावा. पुस्तकात गंमत होती ती ऑस्टिनच्या वाक्याची. चहाचा पेला हातात धरून लग्नाच्या वाटाघाटी चालल्या आहेत आणि त्याच सुरात कुणाचं तरी डोकं उडतं. पडद्यावर वाक्य गेलं, डोकं राहिलं. नुसती डोकी उडवणारे सिनेमे बाजारात पुष्कळ आहेत, त्यासाठी ऑस्टिनबाईंना उठवायचं कारण नव्हतं.

आता आपल्याकडचं उदाहरण. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८ च्या ऑक्टोबरात आला. त्याचं नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेलं, आणि भीतीचं बीज नारायण धारपांच्या कथेतलं. धारपांनी स्वतः स्टीफन किंगकडून बरंच उचलून मराठी घरात रुजवलं होतं. म्हणजे कोकणातली अभिजात कादंबरी, पुण्याचा भयकथाकार आणि अमेरिकेतला किंग अशी ही तिहेरी मोट. पण आम्हा झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, लोकांना सलणारी गोष्ट वेगळीच आहे. धारपांची ती कथा बर्वे यांना एका मित्रानं १९९३ मध्ये सांगितली ती नागझिऱ्याच्या अभयारण्यात. भूत ऐकलं आमच्याकडे आणि पाऊस घेतला कोकणातला! पडद्यावरचा मुंज्या कोकणातला, तुंबाड कोकणातला. सिनेमातले झॉम्बीसुद्धा आले ते डोंबिवलीत. राज्यातलं सर्वात दाट जंगल ज्या दोन जिल्ह्यांत आहे, तिथं सिनेमाचं भूत अजून फारसं फिरकलेलं नाही. हा अनुशेष विकास मंडळानं भरून काढण्याची वाट पाहू नका.

कलाकृतीची निवड. ती ‘एकच प्याला’च. यावर चर्चा नको. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी आपल्याच विदर्भात, सावनेरला गेले, म्हणजे साठ वर्षांची अट केव्हाच फिटली. नाटक रंगमंचावर आलं ते त्याच वर्षी, त्यांच्या मृत्यूनंतर. पहिल्या प्रयोगापासूनच या नाटकावर मरणाची सावली आहे. फक्त पदं वापरणार असाल तर ती गडकऱ्यांची नव्हेत, वि. सी. गुर्जरांची आहेत, एवढं वकिलाला सांगायला विसरू नका.

दुसरं कारण भूगोलाचं. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ ला आली आणि २०२१ मध्ये उठली. मध्ये वैनगंगा. एका काठावर परवाना, दुसऱ्या काठावर गुन्हा. नाटकाचा नायक सुधाकर दारू सोडायच्या शपथा घेतो आणि मोडतो; त्यासाठी नेपथ्यकारानं आयुष्य घालवलं असतं तरी त्याला असा सेट उभा करता आला नसता. सावलीकडून गडचिरोलीला जाताना जो पूल लागतो, तिथं सिनेमाचा पहिला प्रसंग घ्या: रात्र, तपासणी नाका, सुधाकराला प्याला पाजणारा तळीराम पांढराफटक होऊन चालत येतो. शिपाई पिशवी तपासतो, बाटली जप्त करतो, पंचनामा लिहितो आणि तळीरामाला सोडून देतो. मेलेल्या माणसानं जिल्ह्यात येऊ नये असं कोणत्याच कलमात लिहिलेलं नाही.

भूत बाहेरून आणू नका, ही या पुस्तिकेतली सर्वात महत्त्वाची सूचना. व्हँपायर, वेअरवुल्फ यांना इथलं ऊन सोसत नाही. गडकऱ्यांनी भूत तयार करूनच ठेवलं आहे. मूळ नाटकात तळीराम मरतो. आपण एवढंच करायचं, की त्याला मेल्याचं कुणी सांगायचं नाही. त्याच्या उशापायथ्याशी डॉक्टर आणि वैद्य आपापल्या शास्त्रावरून भांडतात तो प्रवेश काना-मात्रा न बदलता घ्या. बदल एकच: रोगी अर्ध्या तासापूर्वीच गेलेला आहे आणि हे फक्त प्रेक्षकाला ठाऊक आहे. भांडण रंगात आलं की रोगी उठून बसतो. वैद्य म्हणतो गुण माझ्या मात्रेचा, डॉक्टर म्हणतो माझ्या औषधाचा, आणि वाद पुढं चालू. नाटकातल्या दारुड्यांच्या आर्यमदिरामंडळाच्या घटनेत आता दुरुस्ती झाली आहे, सभासदत्व मरणोत्तरही चालू राहतं. तळीरामाच्या हातून जो प्याला घेईल तो त्याच्यासारखा होतो. चावणं, ओरबाडणं, रक्त यांची गरज पडत नाही. रंगभूषेचा खर्च वाचतो. आणि गडकऱ्यांना जे म्हणायचं होतं त्याला धक्काही लागत नाही.

सुधाकराच्या बायकोला, सिंधूला, तलवार देऊ नका. त्या झॉम्बीवाल्या इंग्रजी पुस्तकात नायिका तलवार चालवते ते खपलं, कारण ऑस्टिनची मूळची एलिझाबेथ जिभेनं तेच करत होती. सिंधू मूळची सोसणारी, दळण दळून घर चालवणारी. तिनं अचानक चार मुडदे कापले तर प्रेक्षक शिट्टी मारेल आणि पुढच्या क्षणी रडायचं विसरेल. हत्यार गीतेला द्या. गीता ही तळीरामाची बायको, तोंडाची तिखट, नवऱ्याला त्याच्या हयातीतच ओळखून असलेली. जात्याचा खुंटा उपसून ती दारात उभी राहते आणि परत आलेल्या नवऱ्याला घरात घेत नाही, हा प्रसंग मध्यंतराच्या आधी ठेवा. दारूबंदीसाठी ज्या बायका या दोन जिल्ह्यांत रस्त्यावर उतरल्या, त्यांना तो समजावून सांगावा लागणार नाही.

इथं थोडं गंभीर व्हायला हवं. भयपटात एकटी म्हातारी, विधवा, गावाबाहेर राहणारं कुटुंब यांना भूत, चेटकीण करायची सोय फार जुनी आहे आणि फार स्वस्त आहे. आपल्या सिनेमात ती वापरायची नाही. चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला ऑगस्ट २०२१ मध्ये जादूटोण्याच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना भर गावात बांधून मारलं गेलं. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून अमलात असताना हे घडलं. लंडनच्या प्रेक्षकाला झॉम्बी रस्त्यात भेटायची शक्यता नाही. आपल्या प्रेक्षकाला मात्र ती म्हातारी उद्या सकाळी विहिरीवर भेटणार आहे. म्हणून भूत नेहमी वजनदार माणसाचं करावं: सावकार, ठेकेदार, मंडळाचा अध्यक्ष. तळीराम या कसोटीला उतरतो, त्याच्यामागे अख्खं मंडळ आहे.

नट कुठून आणायचे? मुंबईला फोन करू नका. वडसा गाठा. देसाईगंज म्हणा, पण बसवाल्याला वडसाच सांगा. झाडीपट्टी रंगभूमीचा सगळा व्यवहार तिथं चालतो. नाटक कंपन्यांची कार्यालयं, तारखा, कलावंत, सगळं एका गावात. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे जत्रा, सुरू होतात, मागोमाग शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि दिवसा पट असला की रात्री नाटक ठरलेलंच, पार होळीपर्यंत. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या काही लोकांना या रंगभूमीचा पत्ता लागला. इथल्या नटाला रात्रभर उभं राहायची, हजारोंच्या गर्दीत शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची आणि रडवतानाच मध्ये हसवायची सवय आहे. साहित्य आणि भय यांचं मिश्रण करायला नेमकं हेच लागतं: एका प्रवेशात तीन रस, आणि चेहऱ्यावर ‘आपण विनोद करतोय’ असा भाव अजिबात नाही. ज्या दिग्दर्शकाला स्वतःच्या कल्पनेवर हसू आवरत नाही त्यानं कॅमेऱ्यामागे तोंडाला रुमाल बांधावा.

हंगामात तारखा मिळणार नाहीत, हे मात्र लक्षात असू द्या. चित्रीकरण होळीनंतर घ्यावं तर चंद्रपूरचा उन्हाळा. मे महिन्यात इथं जिवंत माणसाचा चेहरा वितळतो, मुडद्याच्या रंगाचं काय घेऊन बसलात! मार्च-एप्रिलमधली पहाट साधा. त्या दिवसांत मोहफुलं वेचायला लोक उजाडायच्या आत जंगलात शिरतात, वाकून, हळूहळू, एकेक पाऊल टाकत. झॉम्बीची चाल शिकवायला वेगळा नृत्यदिग्दर्शक नको, पण त्यांच्या वाटेत उभे राहू नका. वाघ आणि अस्वल याच वेळेला याच झाडांखाली असतात आणि वेचणाऱ्यांचे जीव त्यात गेले आहेत.

ताडोब्याच्या कोअरमध्ये चित्रीकरणाचा विचारही नको. गावाशेजारचं झुडपी जंगल पुरेल, असं पूर्वी म्हणता आलं असतं. ते वन की महसूल हा घोळ कित्येक वर्षं चालला आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते वनच ठरवलं. तेव्हा अर्ज वनखात्याकडे. अर्जात ‘भूत’ हा शब्द टाळून ‘सामाजिक संगीत नाटकावर आधारित’ असं लिहा. खोटं ठरत नाही.

भीती किती घालावी, याचा अंदाज शहरातून आलेल्यांचा हमखास चुकतो. चकवा लागून रात्रभर एकाच पळसाभोवती फिरलेली माणसं इथं गावोगावी भेटतात आणि ते हसत हसत सांगतात. २०२१ पासून गडचिरोलीत छत्तीसगडकडून आलेले रानटी हत्ती आहेत. अशा प्रेक्षकासमोर दार करकरवून काही साधत नाही. ‘वाघ येते तवा आवाजच नाई करत, भाऊ,’ असं तो तुम्हाला ऐकवेल. तेव्हा पार्श्वसंगीत अर्धं करा. तळीराम यावा तो पाहुण्यासारखा, रामराम घालून, सुधाकराच्या शेजारी बसावा. सुधाकराची शपथ नुकतीच घेऊन झालेली असावी. आणि मग बराच वेळ कुणी काही बोलू नये. हा प्रेक्षक ज्या शेजाऱ्यामुळे, ज्या काकामुळे हे दृश्य ओळखतो, तो जंगलातला नाही.

शेवट बदलायचा मोह होईल. पोलीस येतात, तळीराम जळतो, सुधाकर सुधारतो, असा एखादा निर्माता सुचवेलच, आणि पैसे त्याचे असतील. त्याला मूळ नाटक वाचायला द्या. गडकऱ्यांनी सुधाकरालाही वाचवलेलं नाही आणि सिंधूलाही नाही, तुम्हीही वाचवू नका.

पहिला खेळ मल्टिप्लेक्सात लावू नका. शंकरपटाच्या रात्री मंडपात पडदा बांधा, तिकीट परवडेल असं ठेवा, बायकांसाठी बसायची जागा पुढं राखा. खेळ रात्री दहाला सुरू करा आणि मध्ये गाणी, नकला घालून पहाटेपर्यंत लांबवा. लोक दूरच्या गावांहून आलेले असतात, आणि अंधारात त्यांना जंगलातून घरी पाठवायचं नसतं.