साठीच्या इंजिनासाठी स्थळ पाहताना

घरात साठ-सत्तरच्या दशकातली स्पोर्ट्‌स कार आहे, किल्ली फिरवण्याआधी कुलदैवताचे नाव घ्यावे लागते, आणि एका बेसावध क्षणी आपण चारचौघांत "हिला आता कॉम्प्युटरच बसवून टाकतो" असे बोलून गेलो आहोत, अशांसाठी ही मार्गदर्शिका आहे. दिलेला शब्द मागे घेता येत नाही. तेव्हा इंजिनासाठी ईसीयू, म्हणजे तोच कॉम्प्युटर, निवडण्याचे हे कार्य स्थळ पाहण्याच्या शिस्तीनेच पार पाडावे.

उदाहरणासाठी आमचीच गाडी घेऊ. एमजीबी, 1965 सालची, जन्मस्थान ऑक्सफर्डजवळचे ॲबिंग्डन, सध्याचा मुक्काम कॉव्हेंट्रीत आमच्या दारी, ताडपत्रीखाली. इंजिन 1798 सीसी, चार सिलिंडर, दोन एसयू कार्बोरेटर. 1962 ते 1980 या काळात तिची पाच लाखांहून अधिक भावंडे जन्मली, त्यामुळे घराण्याबद्दल शंका नाही. तक्रार एकच: ॲक्सिलरेटर दाबला की ती एक आचका देते, क्षणभर विचार करते आणि मग निघते.

पायरी पहिली: तक्रारीला मोठे कारण शोधावे

प्लग, पॉइंट, टायमिंग असल्या किरकोळ गोष्टी तपासू नयेत. त्यातच दोष सापडला तर कॉम्प्युटर घ्यायला सबब उरत नाही. "जुने तंत्रज्ञान, दुसरे काय!" असे म्हणून मान हलवावी आणि दोन्ही कार्बोरेटरांकडे दयेने पाहावे.

पायरी दुसरी: गोत्र पाहावे

1967 पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. आजच्या ईसीयूला ऋण टोक बॉडीला लागते. हा सरळसरळ गोत्राचा प्रश्न आहे. न विचारता सोयरीक केली तर पहिल्याच दिवशी ईसीयूतून धूर निघतो. म्हणून आधी गाडीची अर्थिंग उलटी करावी. त्यासाठी बॅटरी शोधावी लागते. ती एक नसून सहा-सहा व्होल्टच्या दोन असतात आणि सीटमागच्या कप्प्यात दडलेल्या असतात. शिवाय डायनामोची ऐपत 22 अँपियरची. रात्री, पावसात, दिवे आणि वायपर चालू असताना नव्या सुनेचा खर्च त्याला झेपत नाही. म्हणजे अल्टरनेटर आला. ईसीयू अजून घेतलेला नाही, याची वाचकांनी नोंद घ्यावी.

पायरी तिसरी: छत्तीस गुण जुळवावेत

क्रँकशाफ्ट या क्षणी कुठे आहे, हे ईसीयूला कळावे लागते. त्यासाठी पुढच्या पुलीवर दातेरी चकती बसवतात. तिच्यावर दर दहा अंशांना एक अशा 36 दात्यांची जागा असते, पण दाते असतात 35. उरलेली जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते. ती फट सेन्सरसमोरून गेली की ईसीयूला फेरीची सुरुवात समजते आणि ठिणगी कधी द्यायची हे तो ठरवतो. न जुळलेल्या एका गुणावर अख्खा संसार चालतो, असे हे यंत्रशास्त्रातले स्थळ. मात्र चकती आणि सेन्सर यांच्यात जेमतेम मिलिमीटरभर अंतर हवे. साठ वर्षांची पुली थोडी जरी डुलली तरी दोघांत छत्तीसचा आकडा होतो.

पायरी चौथी: घरातल्या भाऊबंदकीची चौकशी करावी

या इंजिनात सिलिंडर चार असले तरी आत शिरायची दारे दोनच. एक आणि दोन नंबरचे भाऊ एका दाराने घेतात, तीन आणि चार दुसऱ्याने. ठिणगीचा क्रम 1-3-4-2. म्हणजे दोन नंबरचा घोट संपतो न संपतो तोच एक नंबर त्याच दाराला तोंड लावतो, आणि मग बराच वेळ दार ओस. चाळीतल्या सामाईक नळाची वेळ अशीच असते. कार्बोरेटर या भांडणात पडत नाही. हवा आणि पेट्रोल कालवूनच पाठवतो. ईसीयूबरोबर त्याच्या जागी येणारा इंजेक्टर मात्र दाराशी पेट्रोल शिंपडून ठेवतो. आधी येणारा भाऊ ते ओरपतो आणि मागून येणाऱ्याच्या वाट्याला नुसती हवा उरते. एक तुपाशी, एक उपाशी. फवारा ज्याच्या त्याच्या घोटाच्या नेमक्या वेळी मारला, तरच वाटणी नीट होते. रोव्हरने 1996 साली मिनीमध्ये, म्हणजे याच घराण्यातल्या लहान चणीच्या इंजिनात, दोन दारांना दोन इंजेक्टर देऊन हा तंटा मिटवला. त्यांच्याकडे त्यासाठी कारखाना होता. आपल्याकडे रविवार असतो.

पायरी पाचवी: स्थळांची यादी करावी

(अ) शामळू स्थळ: आत इलेक्ट्रॉनिक्स असलेला नवा डिस्ट्रिब्युटर. दिसतो जुन्यासारखाच, फक्त ठिणगीचे पाहतो, कार्बोरेटरला हात लावत नाही. दुपारी बसवला की संध्याकाळी गाडी चालते, म्हणून हौशी लोक त्याला नाक मुरडतात.

(ब) कष्टाळू स्थळ: मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनो. स्वस्त, हुशार, पण सुटे भाग आणून स्वतः डाग देणाऱ्यांसाठी. डायनिंग टेबलावर सोल्डरिंग गन ठेवण्यापूर्वी घरातल्यांची लेखी परवानगी घ्यावी.

(क) तालेवार स्थळ: इंग्लंडचे एमराल्ड, न्यूझीलंडचे लिंक, ऑस्ट्रेलियाचे हॅलटेक किंवा मोटेक. रूप, गुण, शिक्षण सगळे उत्तम. मात्र मानपान आपल्या गाडीच्या किमतीकडे पाहून होत नाही.

देण्याघेण्याचे आधीच बोलून घ्यावे. कार्बोरेटरला पेट्रोल 3 पाउंडांच्या आसपास दाबाने चालते. इंजेक्टरला साधारण 43 पाउंड लागतात. म्हणजे नवा पंप, नव्या नळ्या, टाकीकडे परतीची वाट आणि एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर. हे सगळे रुखवतात मिळत नाही.

पायरी सहावी: कायदा विचारावा

गाडी महाराष्ट्रात असेल तर 2021 चे केंद्रीय नियम वाचावेत. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या गाडीला 'व्हिंटेज' नोंदणी मिळते, पण ती मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा. आरटीओच्या खिडकीशी "साहेब, इंजिन तेच आहे, फक्त डोके नवे आहे" हा युक्तिवाद करून पाहायचा असेल त्यांनी जेवून जावे.

पायरी सातवी: तक्ता भरावा

ईसीयूला आपले इंजिन ठाऊक नसते. आडवे सोळा, उभे सोळा असे 256 चौकोन तो समोर ठेवतो. इतक्या फेऱ्यांना आणि इतक्या भाराला पेट्रोल किती, हे प्रत्येकात भरायचे. निम्मे चौकोन अंदाजाने भरावेत आणि उरलेल्या निम्म्यांसाठी गाडी रोलरवर चढवून जाणकाराला तासावर पैसे द्यावेत.

पायरी आठवी: जुने कार्बोरेटर विकावेत

मी (ब) स्थळ पसंत केले, डबा मागवला आणि खर्चाला हातभार म्हणून कार्बोरेटर विकायला काढले. एक आजोबा पाहायला आले. त्यांनी दोन बोटांनी वरची छोटी टोपी फिरवली, तिच्यासोबतची दांडी वर ओढली आणि उजेडात धरली. दांडी कोरडी ठणठणीत. दुसरीही तशीच. "यात तेल असतं," एवढेच म्हणाले आणि किंमत कमी करून मागितली.

एसयू कार्बोरेटरात एक पिस्टन हवेच्या ओढीने वरखाली होतो. त्याला लटकलेली निमुळती सुई पेट्रोलचे भोक कमीजास्त उघडते. दर अष्टमांश इंचाला त्या सुईची जाडी किती, याचे छापील तक्ते मिळतात. म्हणजे ज्या तक्त्यासाठी मी 256 चौकोन भरायला बसलो होतो, तो त्या सुईवर आधीच कोरलेला होता. ॲक्सिलरेटर अचानक दाबला की पिस्टनने हळू उठावे, म्हणजे क्षणभर पेट्रोल जास्त ओढले जाते. त्याला हळू उठवण्याचे काम ते तेल करते. तेल नसेल तर पिस्टन टुणकन उडी मारतो, नुसती हवा आत शिरते आणि गाडी आचका देते. आमची गाडी दोन वर्षे हेच सांगत होती. आग रामेश्वरी होती, आणि मी सोमेश्वरी बंबाचे वायरिंग करत होतो.

कार्बोरेटर विकले नाहीत. दोन्हींत मिळून दोन चमचे तेल लागले, विसाच्या ग्रेडचे. आचका गेला. ईसीयूचा डबा माळ्यावर आहे. सुपरचार्जर बसवणाऱ्या किंवा इंजिनच बदलणाऱ्या गरजूंना तो खरेच उपयोगी पडेल, त्यांनी जरूर विचारावे.

बाकीच्यांसाठी एक दुरुस्ती: या मार्गदर्शिकेत टोपी उघडून तेल पाहण्याची पायरी चुकून आठवी छापली गेली आहे. वाचकांनी ती पहिली समजावी.