मा. ठेकेदार शेठ यांस, एका चासी ड्रायव्हरकडून

मा. ठेकेदार शेठ,


गाडी पोचली की आपल्या ऑफिसातून तातडीने फोन येतो. बॅटरी आहे ना, स्टेपनी आहे ना, जॅक-पाना आहे ना, कुठे ओरखडा नाही ना. ही आपुलकी पाहून भरून येतं. त्या यादीत ड्रायव्हरचं नाव यायचं राहून जातं, पण आपला व्याप मोठा, माणूस कुठे कुठे पुरणार? म्हणून आपली सवड न मोडता मीच खुशाली कळवतो.

पत्र बंद पाकिटात घातलं नाही, त्याची क्षमा असावी. एसटीने कामावर जाणाऱ्या आणि ट्रकमधून आलेला भाजीपाला विकत घेणाऱ्या माणसांनीही ते वाचावं, असं वाटलं. त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो, एवढा भाग आपण सोडलात तरी चालेल. नव्या मोटारी ट्रेलरमधून नाहीतर रेल्वेने झाकूनपाकून जातात. बसची आणि ट्रकची चासी मात्र बहुतेक वेळा स्वतःच्या चाकांवर जाते. इंजिन, लांबलचक लोखंडी सांगाडा, चाकं, स्टिअरिंग आणि समोर पत्र्याचं काऊल, एवढाच तिचा संसार. दार नाही, छप्पर नाही, बसच्या चासीला पुष्कळदा समोरची काचही नाही. बसायला कामचलाऊ सीट, तिच्यावर आपलंच पोतं. नोंदणी झालेली नसते, म्हणून ती ट्रेड सर्टिफिकेटवर चालते. आम्ही त्याला टीसी म्हणतो. लाल पाटी, पांढरी अक्षरं. एसटीच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळांत अशाच चासींवर लाल गाड्यांच्या बॉड्या चढत आल्या. बॉडी चढण्याआधीचे शेकडो किलोमीटर कुणीतरी उघड्यावर बसून काढलेले असतात.

तर शेठ, पहिले आभार मोकळ्या हवेचे. ज्या पुणे–नगर रस्त्यावर १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी धावली, त्याच रस्त्याने मी आपली चासी घेऊन निघतो. शिक्रापूर मागे पडेपर्यंत पुढच्या डंपरमधली कच डोळ्यांत गेलेली असते. श्रावणात पाऊस समोरून तोंडावर येतो. पौषात अमरावतीच्या अलीकडे पहाटे बोटं स्टिअरिंगवरून एकेक करून सोडवावी लागतात. रेनकोट मागितला तेव्हा आपण म्हणालात, “एका ट्रिपसाठी कशाला रे?” किती खरं! मी दरवेळी एकाच ट्रिपला जातो. हेल्मेट आणि गॉगल आम्ही ज्याचे त्याने विकत घेतलेत, कारण वेगात डोळ्यावर भुंगा आपटला तर दोन दिवस डोळा उघडत नाही आणि आपल्याला तर गाडी वेळेवर हवी असते.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांहून जड ट्रकांच्या केबिनला सरकारने एसी सक्तीचा केला. हे फार चांगलं झालं. इंजिनाच्या धगीत भाजत गाडी हाकणाऱ्या माझ्या भावांना तो केव्हाच मिळायला हवा होता. पण तो नियम केबिनसाठी आहे आणि मी बसतो तिथे केबिनच नसते. माझ्यासाठी नियम येईल तेव्हा येईल. रेनकोटसाठी सरकारची वाट पाहण्याची गरज नव्हती.

डिझेलचं गणित आपण इतक्या बारकाईने करता, की एखाद्या मास्तरने शिष्यत्व पत्करावं. ॲव्हरेज ठरवायचं ते सपाट, मोकळ्या रस्त्याचं. घाटात गाडी खालच्या गियरमध्ये कण्हते, कोंडीत तासभर इंजिन चालू राहतं, ते डिझेल आपल्या कागदावर जळत नाही, माझ्या खिशातून जळतं. १ एप्रिल २०२० पासून गाड्या प्रदूषणाच्या बीएस-सहा नियमाच्या झाल्या. त्यांना डिझेलबरोबर युरियाही लागतो. तो संपला की इंजिन आपली ताकद स्वतःच कमी करतं आणि भरलेली वाहनं मला मागे टाकून जातात. आपल्या चलनावर युरियाचा रकाना नाही. विचारलं तर उत्तर मिळालं, “वाटेत भर, मग बघू.” ते बघणं अजून चाललेलं आहे.

टोलच्या बाबतीतही आपली कृपादृष्टी तशीच. नागपूरला जायला संभाजीनगरपासून समृद्धी महामार्ग मिळतो. ५ जून २०२५ ला शेवटचा तुकडा जोडून तो सगळा ७०१ किलोमीटर खुला झाला. आपण हिशोब धरता जुन्या रस्त्याचा आणि वेळ धरता समृद्धीची. फास्टॅगमध्ये पैसे भरायला ऑफिसातला पोरगा विसरतो. विसरला की नाक्यावर दंड. १५ नोव्हेंबर २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग चालला नाही तर यूपीआयने सव्वापट आणि रोखीने दुप्पट टोल, असा नियम आला. मागच्या गाड्या हॉर्न मारत असतात, नाक्यावरचा माणूस हात पुढे करून उभा असतो. पैसे मीच काढतो. नंतर पावती दाखवली तर आपण म्हणता, दुप्पट का भरलेस, सव्वापट भरायचा होतास. शेठ, फास्टॅग आपला होता.

मोटर वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला, त्यात दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे ४८ तास लिहिलेले होते. नव्या कामगार संहितेतही दिवसाचे आठच आहेत. आपण मला आठ तासांत कधी अडकवून ठेवलं नाहीत, याबद्दल ऋणी आहे. रात्री अकराला फोन येतो, “कुठवर आलास? उद्या दुपारी गेटवर पाहिजेस.” मी नकाशा पाहतो. दुपारी गेटवर पोचायचं तर झोप वगळावी लागते.

आणि झोपायचं तरी कुठे? ट्रकवाला केबिनमध्ये आडवा होतो. चासीवाल्याला ढाब्याच्या खाटेवर, तीही गाडी नजरेसमोर राहील अशी ओढून घेऊन झोपावं लागतं. बॅटरी उघडी, टाकीचं झाकण उघड्यावर, स्टेपनी साखळीला. डोळा लागला आणि काही गेलं तर पोचल्यावर ते माझ्या पैशातून कापलं जातं. रात्रपाळीच्या वॉचमनची पदवी आपण मला वेगळा पगार न देता बहाल केलीत. एका ट्रिपला चौदा नंबरचा पाना कमी निघाला, त्याचे जेवढे पैसे आपण कापलेत तेवढ्यात हार्डवेअरच्या दुकानात अख्खा सेट मिळतो. मी विचारून आलो.

आता ज्या उपकाराखाली सगळ्यात जास्त दबलो आहे, त्याकडे येतो. गाडी उतरवली, कागदावर शिक्का बसला, की आपल्या वहीत ट्रिप संपते. मी तेव्हा कोलकात्याबाहेर कुठल्या तरी बॉडी बिल्डरच्या गेटासमोर पिशवी घेऊन उभा असतो. पुणे दोन हजार किलोमीटरच्या आसपास. खिशात ट्रिपखर्चातून उरलेलं जे काही असेल ते, आणि युरिया-टोल धरला तर बहुधा काहीच उरलेलं नसतं. आपल्याकडे लग्नात नवरीबरोबर पाठराखीण जाते. चार दिवसांनी तिला परत पाठवताना गरीब घरातली माणसंसुद्धा तिच्या हातावर गाडीभाडं ठेवतात, ओटी भरतात. मी आपली कोरी चासी परमुलखात सुखरूप पोचवतो आणि मला निरोप मिळतो, “बरं, ये आता तुझा तू.”

येतो. हावड्याहून आझाद हिंद एक्सप्रेस थेट पुण्याला येते, दीड दिवसाच्या आसपास लागतो. जनरल डब्यात संडासाच्या दाराशी उकिडवं बसायला मिळालं तरी नागपूरपर्यंत तोंडातून शब्द काढत नाही. जवळचा पल्ला असेल तर हायवेला उभं राहून ट्रकला हात करतो. ओळखदेख नसलेला ड्रायव्हर थांबतो. ‘चासीवाला आहे, गाडी सोडून आलोय’ एवढं म्हटलं की क्लीनरला सरकवून जागा करतो आणि ढाब्यावर माझ्याही चहाचे पैसे देतो. ज्याचा माझा काही संबंध नाही, तो मला फुकट आणतो. ज्याचं काम करून आलो, तो भाडं देत नाही.

आपलं म्हणणं असं, की परत येणं हा ड्रायव्हरचा खाजगी प्रवास. मग मला एवढंच सांगा, माझी उरलेली रक्कम कधी मिळते? शिक्का मारलेली पोच ऑफिसात आणून दिल्यावर. मोबाईलवर फोटो पाठवलेला चालत नाही, मूळ कागद लागतो. म्हणजे या खाजगी प्रवासात माझ्या आतल्या खिशात आपली पोच असते. ती भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळतो, चोरीला जाऊ नये म्हणून तिच्यावर छाती टेकून झोपतो. तो कागद लावून आपण आपलं बिल वसूल करता. कागद आपला, बिल आपलं, आणि तो घेऊन येणारा स्वतःच्या तिकिटावर. कुरियरवाल्याला तर आपण पैसे देता ना, शेठ? तो माझ्याहून कमी अंतर येतो आणि पावसात भिजलेला नसतो.

मागच्या पावसाळ्यात आमच्या लाईनमधला एक जण घाटात घसरला. रिकाम्या चासीच्या मागच्या चाकांवर फारसं वजन नसतं, ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की मागच्या चाकांची पकड सुटून गाडी आडवी फिरू शकते, हे आपल्यालाही ठाऊक आहे. त्याचा पाय मांडीत मोडला. आपण क्रेन पाठवलीत, त्वरेने, त्याबद्दल आभार. क्रेन गाडीसाठी होती. त्याला दवाखान्यात आम्ही नेलं. त्याच्या बायकोने फोन केला तेव्हा आपण म्हणालात, तो आमचा कामगार नाही, ट्रिपवरचा माणूस आहे. कामावर इजा झाली तर भरपाई द्यायची, हे या देशात १९२३ सालापासून कायद्यात आहे. ठेकेदाराने लावलेल्या माणसाची जबाबदारी काम देणाऱ्या मूळ मालकावरही येते, हेही कायद्यात आहे. हे मला पूर्वी माहीत नव्हतं. त्या बाईला एका वकिलाने सांगितलं, तिने आम्हाला सांगितलं.

२०२२ मध्ये सरकारने ट्रेड सर्टिफिकेटची मुदत एक वर्षावरून पाच वर्षं केली. पाटीला पाच वर्षांची हमी मिळाली, हे पाहून आनंद झाला. ती पाटी घेऊन जाणाऱ्याचं काम पुढच्या गेटपासपुरतंच असतं, आणि ज्याने तोंड उघडलं त्याचा गेटपास निघत नाही. हे आपण कधी बोलून दाखवत नाही. त्या दिवशी त्याला यार्डात नुसतं बसवून ठेवता, संध्याकाळपर्यंत.

म्हणून या वेळी एकट्याने तोंड उघडलेलं नाही. परतीचं भाडं, निदान स्लीपरचं, चलनावर गाडी निघण्याआधी लिहून द्यायचं. युरिया आणि टोल पावतीप्रमाणे. पोचेचा फोटो आला की पैसे, मूळ कागद हवा असेल तर तो कुरियरने मागवा आणि कुरियरचं भाडं आपण भरा. अपघात विम्यात गाडीच्या नंबराशेजारी माणसाचं नाव. रेनकोट आणि हेल्मेट तर मागायलाही नको होतं. यात पगारवाढ कुठेही नाही, हे आपण पाहिलं असेलच.

येत्या सोमवारी यार्डात ज्या चासी लाईनला लागणार आहेत, त्यांच्यावर आम्ही वेळेवर येऊन बसू. टायर तपासू, हवा पाहू, लाल पाटी पुसून घेऊ. चलन हातात आलं की आधी परतीच्या भाड्याचा रकाना वाचू. तो कोरा असला तर कुणीही चावी फिरवणार नाही.

कळावे, लोभ असावा,
आपला,
ट्रिपवरचा माणूस