वाऱ्यावरची वरात

कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिन बेटावर पाहण्यासारखं पुष्कळ आहे. फ्रेंच आणि डच यांनी १६४८ सालीच हे चिमुकलं बेट आपसात वाटून घेतलं. सकाळचा नाश्ता फ्रान्समध्ये आणि जेवण डचांकडे, अशी चंगळ तिथे सहज जमते. पण पर्यटकाला त्याचं काय? तो तडक माहो किनारा गाठतो. एका बाजूला निळाशार समुद्र, दुसऱ्या बाजूला रस्ता, आणि रस्त्यापलीकडे विमानतळाची धावपट्टी. उतरणारं विमान डोक्यावरून इतकं खालून जातं की चाकं मोजून घ्यावीत. खरं पुण्य मात्र उड्डाणाच्या वेळी! कुंपणाची जाळी घट्ट धरून इंजिनाचा झोत अंगावर घ्यायचा. टोपी, गॉगल, टॉवेल समुद्रार्पण; तोंडात वाळू आणि चेहऱ्यावर कृतार्थ भाव. जिवाला धोका असल्याची पाटी तिथे ठळक आहे. तिच्याशेजारी फोटो छान येतो. २०१७ मध्ये या झोतानं एका पर्यटक महिलेचा जीव घेतला, तरी हौस ओसरली नाही. हजारो मैल विमानानं यायचं, ते विमानच बघायला! जाणार असाल तर एवढंच करा: कुंपणाकडे पाठ फिरवा. समुद्र त्या बाजूला आहे.